जुन्या गाडीतल्या बेवारस वायरी कशा ओळखायच्या

जुन्या गाडीचा डॅशबोर्ड पहिल्यांदा उघडला की कशालाच न जोडलेल्या दोन-चार वायरी लोंबकळताना दिसतातच. नवखा माणूस एक तर घाबरून सगळं पुन्हा झाकून टाकतो, नाहीतर कटर घेऊन साफसफाईला लागतो. दुसरा प्रकार जास्त महागात पडतो. वायरीला दोन टोकं असतात आणि तुम्हाला दिसतंय ते एकच. दुसरं टोक कुठे जातं आणि वायरीत करंट येतो का, हे कळेपर्यंत तिला बिनकामाची म्हणायचं नाही. पुढची सगळी खटपट या दोन उत्तरांसाठी आहे.

मोकळ्या वायरी येतात कुठून

पहिला प्रकार कारखान्यातूनच आलेला. एकाच मॉडेलच्या साध्या आणि डिलक्स गाड्या, डाव्या-उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या, निर्यातीच्या गाड्या या सगळ्यांसाठी कंपन्या शक्यतो एकच हार्नेस, म्हणजे गाडीभर फिरणारं वायरींचं जुडगं, वापरत. त्यामुळे तुमच्या गाडीला फॉग लॅम्प, रिव्हर्स लाइट, सिगारेट लायटर किंवा डिकीतला दिवा कधीच नसला, तरी त्यांच्या वायरी जागच्या जागी सापडतात. या वायरी जन्मापासून मोकळ्या असतात आणि त्यांना तसंच राहू द्यायचं असतं.

दुसरा प्रकार काढून टाकलेल्या वस्तूंचा. डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं जनित्र) काढून आल्टरनेटर बसवला की चार्जिंग काबूत ठेवणारा जुना रेग्युलेटर आणि त्याच्या वायरी उरतात. कित्येकदा रेग्युलेटरचा डबा आतून रिकामा करून नुसता वायरी जोडण्याची जागा म्हणून ठेवलेला असतो, तेव्हा तो दिसला म्हणून उपटू नका.

तिसरा प्रकार आधीच्या मालकांच्या हौसेचा: अलार्म, रेडिओ, जास्तीचे दिवे. वस्तू गेल्या, वायरी राहिल्या. आणि चौथा प्रकार सगळ्यांत फसवा. वायर गरजेची आहे, पण जागेवरून निसटली आहे. ऑइल प्रेशर स्विचची वायर निसटलेली असेल तर इंजिनात ऑइल नसतानाही इशाऱ्याचा दिवा लागणार नाही. अशी वायर कापली, तर बिघाड आहे हे कळायचा मार्गच तुम्ही बंद करून टाकता.

आधी बघायचं, मग हात लावायचा

बॅटरीची अर्थची, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली, केबल आधी काढा. बहुतेक गाड्यांत ती निगेटिव्ह असते, पण साठच्या दशकातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत. बॅटरीची कुठली केबल थेट बॉडीला बोल्टने आवळली आहे ते डोळ्यांनी पाहून खात्री करा. काही गाड्यांची यंत्रणा ६ व्होल्टचीही असते, म्हणून बॅटरीवर लिहिलेलं वाचून मगच टेस्ट लॅम्पचा, म्हणजे दोन वायरी जोडलेल्या तपासणीच्या दिव्याचा, बल्ब निवडा. हातातली अंगठी, कडं, घड्याळ उतरवून ठेवा.

मग फोटो. वायर जशी लोंबते आहे तशीच, आजूबाजूच्या वस्तूंसकट. जवळचा एक, लांबून एक. एकदा वायर हलवली की ती मूळची कुठल्या दिशेला वळली होती ते विसरायला होतं, आणि ती दिशा हाच पुष्कळदा सगळ्यांत चांगला पुरावा असतो. कारखान्यातली वायर हार्नेसमधून नेमक्या त्या जागी बाहेर पडते जिथे तिची वस्तू असायला हवी, आणि लांबीही तेवढीच असते. गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला बाहेर आलेली जोडी बहुधा रिव्हर्स लाइटच्या किंवा ओव्हरड्राइव्हच्या (जादाच्या वरच्या गिअरच्या) स्विचची. समोरच्या जाळीमागे दोन्ही बाजूंना सारख्याच लांबीच्या दोन वायरी दिसल्या, तर फॉग लॅम्प किंवा दुसरा हॉर्न डोक्यात आणा.

प्रत्येक मोकळ्या टोकाला मास्किंग टेपची चिठ्ठी लावून नंबर टाका. वहीत त्या नंबरासमोर जागा, रंग, पट्टीचा रंग, जाडी आणि कनेक्टरचा प्रकार लिहा. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळलं तर पुढे प्रत्येक वायर पुन्हापुन्हा तपासत बसावी लागते.

जुन्या कापडी वेष्टनाच्या वायरी असतील तर त्या वाकवू नका. आतलं रबर वाळून ठिसूळ झालेलं असतं आणि वाकवल्याबरोबर चुरा होऊन तांबं उघडं पडतं.

कनेक्टर काय सांगतो

कारखान्याचं काम आणि नंतरचं काम यांतला फरक एकदा डोळ्यांत बसला की निम्मी वर्गवारी तिथेच होते. कारखान्यातली वायर मुख्य जुडग्याच्या आत गुंफलेली असते, तिच्यावर कापडी वेणी किंवा गोंद नसलेली प्लास्टिक टेप असते. नंतर टाकलेली वायर जुडग्याच्या बाहेरून, चिकट टेपने किंवा प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेली. लाल, निळ्या, पिवळ्या प्लास्टिकचे क्रिम्प लग, म्हणजे वायरीच्या टोकावर दाबून बसवलेले जोड, दिसले की ते बहुतेक दुरुस्तीचं किंवा हौसेचं काम. आणि मूळ वायरीच्या मध्यावरच चिमटा मारून करंट चोरणारा प्लास्टिकचा स्नॅप कनेक्टर दिसला तर शंकाच नको. त्याचं पातं मूळ वायरीचं वेष्टन कापून आत शिरतं, थोडे धागेही तोडतं आणि पुढे तिथे गंज धरतो.

आता जरा भिंग घ्या. स्विचवर, फ्यूज बॉक्सवर किंवा मीटरच्या मागे एखादं स्पेडचं (चपट्या कनेक्टरचं) पातं रिकामं असेल तर त्याच्या अंगावर टॉर्च तिरका धरून पाहा. कधीतरी लग बसलेला असेल तर पितळेवर लांबीच्या दिशेने दोन समांतर रेघा आणि मधोमध खळीचा एक ओरखडा दिसतो. कधीच काही न जोडलेलं पातं काळवंडलेलं असेल, पण सगळीकडून सारखंच. बुलेटच्या, म्हणजे नळीसारख्या स्लीव्हमध्ये खुपसायच्या गोल कनेक्टरच्या, बाबतीतही तसंच: वापरलेल्या बुलेटवर स्लीव्हने ओढलेल्या बारीक रेघा असतात. ओरखडे असलेलं रिकामं पातं आणि त्याच्या वीतभर अंतरावर वापरलेल्या कनेक्टरची मोकळी वायर, अशी जोडी सापडली तर निसटलेल्या वायरीचा संशय पक्का धरा. दोन्ही टोकं न वापरलेली असतील तर ती कारखान्यातली जादाची वायर असण्याची शक्यता मोठी.

रिकामं पातं म्हणजे हमखास काहीतरी गहाळ, असंही नाही. फ्यूज बॉक्समध्ये एकेका फ्यूजला दोन-दोन पाती देतात, त्यातलं एखादं रिकामं असणं नेहमीचंच. चार तोंडांच्या बुलेट स्लीव्हमध्येही एखादं भोक मोकळं राहतं.

दोन मोकळे कनेक्टर एकमेकांत छान बसतात म्हणून जोडू नका. बुलेटचे आणि स्पेडचे ठरावीक मापच असतात, ६.३ मिलिमीटरचा स्पेड तर गाडीभर असतो. बसणं हा कसलाच पुरावा नाही.

रंगाची भाषा

गाडी कुठल्या देशाच्या पद्धतीची आहे ते आधी ठरवा, नाहीतर रंग सरळ फसवतात. ब्रिटिश गाड्यांत, ज्यांची पद्धत पुढे बीएस एयू ७ या मानकात आली, तपकिरी वायर म्हणजे बॅटरीतून थेट आलेली, फ्यूज नसलेली, कायम जिवंत. जर्मन गाड्यांत तपकिरी म्हणजे अर्थ. एकीकडचा नियम दुसरीकडे लावून तपकिरी वायर बॉडीला जोडली, तर धूर निघायला वेळ लागत नाही.

ब्रिटिश पद्धत थोडक्यात अशी: पांढरी म्हणजे इग्निशनच्या चावीनंतरची, फ्यूज नसलेली. हिरवी म्हणजे चावीनंतरची आणि फ्यूजमधून आलेली. जांभळी कायम जिवंत, पण फ्यूजमधून. काळी अर्थ, लाल पार्किंग लाइटची, निळी हेडलाइटची. पट्टी असेल तर मूळ रंग घराणं सांगतो आणि पट्टी नेमकं काम सांगते. हिरवीवर लाल पट्टी डावा इंडिकेटर, हिरवीवर पांढरी पट्टी उजवा, हिरवीवर जांभळी ब्रेक लाइट, हिरवीवर तपकिरी रिव्हर्स लाइट, हिरवीवर काळी पेट्रोलच्या टाकीतलं मीटर. पांढरीवर तपकिरी पट्टी ऑइल प्रेशरच्या इशाऱ्याची. जांभळीवर काळी हॉर्नची. डायनॅमो काढलेल्या गाडीत तपकिरीवर हिरवी पट्टी असलेली वायर मोकळी दिसली तर ती डायनॅमोच्या फील्डची, म्हणजे खरोखरच निवृत्त.

जर्मन गाड्यांत रंगापेक्षा आकडे जास्त कामाचे. डिन ७२५५२ या मानकाप्रमाणे टर्मिनलवरच नंबर असतो: ३० म्हणजे बॅटरीचा कायम करंट, १५ चावीनंतरचा, ३१ अर्थ, ५० स्टार्टर, ५८ पार्किंग आणि मागचे दिवे, ५६ए अप्पर, ५६बी डिपर. रिलेवर (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचवर) ८५ आणि ८६ म्हणजे कॉइल, ८७ म्हणजे बाहेर जाणारा करंट. हे आकडे इतके रुळले आहेत की दुसऱ्या देशांच्या गाड्यांतल्या रिलेंवरही सापडतात.

वायरिंगचा नकाशा मिळवताना गाडीचं वर्ष आणि ती कुठल्या देशासाठी बनली होती हे जुळलंच पाहिजे. नकाशातली अक्षरंही चकवतात. ब्रिटिश नकाशात बी म्हणजे काळा, म्हणून तपकिरीला एन आणि निळ्याला यू. जर्मन नकाशात जीआर म्हणजे राखाडी, हिरव्याला जीएन. जपानी नकाशात निळ्याला एल.

रंग उडाले असतील तर जुडग्याची टेप बोटभर सोडून आतली वायर पाहा. उन्हाचा आणि तेलाचा संबंध न आल्यामुळे आतला रंग खरा राहिलेला असतो. उघड्या टोकाला तपकिरी, लाल आणि जांभळा तिन्ही मातकट दिसतात. ब्रिटिश गाडीत त्यांतला एक बिनफ्यूजचा कायम जिवंत आहे, हे ध्यानात ठेवा.

जाडीही बोलते. मेट्रिक ब्रिटिश वायरीत ०.३० मिलिमीटरचे १४ धागे असले तर ती १ चौरस मिलिमीटरची, साधारण ८.७५ अँपिअरची, म्हणजे बल्ब-स्विचची. २८ धागे म्हणजे १७.५ अँपिअर, हेडलाइट किंवा हॉर्नसारख्या कामाची. ४४ धाग्यांची मोकळी वायर सापडली तर ती एखाद्या मोठ्या भाराची किंवा मुख्य पुरवठ्याची, तिच्याशी खेळ नको.

करंट येतो का

इथे घाई करू नका, कारण इथेच मीटर खोटं बोलतो. आधी सगळी मोकळी टोकं एकमेकांना आणि बॉडीला न लागतील अशी वेगळी करा, टेपने झाका. मग बॅटरी जोडा, पण सरळ नाही. बॅटरीचं टोक आणि काढलेली केबल यांच्यामध्ये २१ वॉटचा बल्ब लावून पाहा. सगळी बटणं बंद आणि दारं लावलेली असताना तो झगझगीत पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. बल्बमुळे करंट पावणेदोन अँपिअरच्या पुढे जात नाही, त्यामुळे काही जळत नाही. बल्ब विझलेला राहिला तर केबल नीट जोडा.

आता एकेका नंबराची वायर घेऊन या क्रमाने पाहा: चावी बंद, चावी चालू, पार्किंग लाइट, अप्पर, डिपर, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर, ब्रेक पेडल, वायपर, दार उघडं, रिव्हर्स गिअर. वहीत प्रत्येकाचा रकाना करा. इंजिन बंद आणि चावी चालू असताना पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) मिटलेले असतील तर इग्निशन कॉइल तापते, म्हणून तपासणीपुरती कॉइलची पुरवठ्याची वायर काढून झाकून ठेवा आणि वहीत तशी नोंद करा.

नुसत्या डिजिटल मल्टिमीटरवर विसंबू नका. त्याचा अंतर्गत रोध साधारण १ कोटी ओहम असतो, त्यामुळे कुठेच न जोडलेली वायरही शेजारच्या वायरीच्या ओलसर वेष्टनातून दोन-चार व्होल्ट दाखवू शकते. सोबत बल्बचा टेस्ट लॅम्प हवाच. तो खरा करंट मागतो. फक्त इलेक्ट्रॉनिक इग्निशन किंवा इंजेक्शनच्या वायरींना तो लावायचा नाही.

दोन्ही उपकरणांचं उत्तर वेगळं आलं की खरी माहिती मिळते. ऑइल प्रेशर स्विचची निसटलेली वायर घ्या. चावी चालू केली की मल्टिमीटर तिच्यावर १२ व्होल्ट दाखवतो, आणि नवखा माणूस वहीत लिहितो, “चावीनंतरचा पुरवठा, रेडिओला चालेल.” पण २१ वॉटचा टेस्ट लॅम्प वायर आणि बॉडीमध्ये लावला तर तो पेटतच नाही. उलट डॅशबोर्डवर ऑइलचा दिवा लागतो. कारण हे १२ व्होल्ट त्या इशाऱ्याच्या छोट्या बल्बमधून येत आहेत आणि वायर म्हणजे त्या बल्बचा अर्थकडे जाणारा रस्ता आहे. दाराच्या स्विचच्या वायरीला आतला दिवा लागतो, हॅन्डब्रेकच्या वायरीला त्याचा इशारा. म्हणून टेस्ट लॅम्प लावताना नजर फक्त हातातल्या बल्बवर ठेवू नका. कुणीतरी डॅशबोर्डकडे बघणारं बसवलं तर काम निम्म्या वेळात होतं.

अनोळखी वायर बॉडीला टेकवून ठिणगी पडते का बघण्याची जुनी खोड काही मेकॅनिकांनाही असते. बिनफ्यूजच्या वायरीवर असं केलं तर अख्खं जुडगं वितळू शकतं. टाकीजवळ आणि कार्बुरेटरजवळ तर करंटची कुठलीच तपासणी नको, तिथलं काम बॅटरी काढून फक्त मीटरच्या ओहमवर, म्हणजे रोध मोजून, करायचं.

दुसरं टोक

बॅटरी पुन्हा काढा. एक लांब वायर घ्या, तिचं एक टोक मोकळ्या वायरीला अडकवा, दुसरं मीटरला, आणि मीटरचा दुसरा प्रोब घेऊन संशयाच्या जागा तपासत जा. डिकीपर्यंत जायचं असेल तर ही लांब वायर दारातून बाहेरून नेली तरी चालते.

इथला ठरलेला चकवा म्हणजे बल्ब. २१ वॉटचा बल्ब पेटलेला असताना त्याचा रोध सुमारे ७ ओहम असतो, थंड असताना त्याच्या दहाव्या भागाच्या आसपास. मीटरच्या बझरला तो जवळजवळ शॉर्टच वाटतो. त्यामुळे ब्रेक लाइटची चांगली वायर “बॉडीला शॉर्ट” म्हणून पिपाणी वाजवते, आणि दोन संबंध नसलेल्या वायरीही दोन बल्बांमधून एकमेकींना जोडलेल्या दिसतात. त्या भागातले बल्ब काढा, मग तपासा. बझरऐवजी आकडा वाचायची सवय लावली तर आणखी बरं.

वायर मध्येच तुटली असेल तर ओहमवर काहीच सापडत नाही. अशा वेळी टोन ट्रेसर कामाला येतो: एका टोकाला सिग्नल सोडायचा आणि प्रोब जुडग्यावरून फिरवत आवाज कुठे थांबतो ते ऐकायचं. नसेल तर नकाशा आणि हात. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून) जिथे वायरी जातात ते रबरी ग्रोमेट आणि दाराच्या बिजागरीजवळचा वाक आधी बघा, वायरी तिथेच जास्त तुटतात.

निकाल लावताना

निसटलेली वायर निघाली तर साफ करून जागेवर लावा. लग सैल असेल तर बदला, पक्कडीने दाबून बसवलेला लग पुन्हा सुटतो.

कारखान्यातली जादाची वायर कापू नका. पुढे कधी रिव्हर्स लाइट किंवा रेडिओ बसवायचा झाला तर ती तयारच आहे. टोकावर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा, तोंड टोकापुढे थोडं लांब ठेवून गरम असतानाच चिमटून बंद करा, वायर मागे दुमडून जुडग्याला टेपने बांधा. स्टिअरिंगचा दांडा, पेडल, वायपरच्या कांड्या आणि एक्झॉस्ट यांच्यापासून दूर. जिवंत असेल तर चिठ्ठीवर तसं लिहा, आणि पुरवठ्याच्या टोकाला कनेक्टर असेल तर तिथेच सोडवून ठेवा.

हौसेच्या वायरी मात्र बेलाशक काढा, पण करंट जिथून घेतला आहे त्या टोकापासून सुरुवात करून पूर्ण लांबी बाहेर काढा. दोन्ही बाजूंनी कापून मधला तुकडा आत सोडला की पुढच्या माणसाला तेच कोडं पुन्हा पडतं. अलार्म किंवा इम्मोबिलायझर असेल तर थांबा: तो बहुतेकदा इग्निशनची किंवा स्टार्टरची मूळ वायर कापून मध्ये बसवलेला असतो. तो काढल्यावर कापलेली दोन टोकं एकमेकांना जोडावी लागतात, नाहीतर गाडी सुरूच होणार नाही. स्नॅप कनेक्टर काढल्यावर मूळ वायरीचा जखमी भाग कापून तिथे सोल्डर किंवा चांगला क्रिम्प करा. नुसती टेप गुंडाळून भागत नाही.

सगळं झाल्यावर बॅटरी आणि केबल यांच्यामध्ये पुन्हा तो २१ वॉटचा बल्ब लावा. तो विझलेला असेल तर त्याच्या जागी मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावा. मीटर तिथे असताना स्टार्टर मारायचा नाही, हेडलाइटही लावायचे नाहीत. घड्याळ आणि रेडिओ नसलेल्या, डायनॅमोच्या गाडीत शून्य यायला हवं. घड्याळ असेल तर काही मिलिअँपिअर, आल्टरनेटर असेल तर डायोडमधून झिरपणारा अगदी किंचित करंट. त्याहून जास्त दिसला तर एकेक फ्यूज काढत जा. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला, तर करंट बिनफ्यूजच्या वायरीतून जातो आहे. मग आल्टरनेटरच्या वायरी सोडवून बघा, आणि त्यानेही फरक पडला नाही तर इग्निशन स्विचकडे जाणाऱ्या मुख्य वायरीवर हौसेचा एखादा जोड शिल्लक राहिला आहे का ते शोधा.